रांजणातली दावी

आमच्या गावच्या गाईंच्या शेपटीचा गोंडा पांढरा का असतो, या प्रश्नाची तीन उत्तरे आजवर छापील स्वरूपात माझ्यापुढे आली आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. कंधारकडची तांबडी गाय ज्याने पाहिली असेल त्याला हे ठाऊक असते की ती शिंगाच्या बुडापासून खुरापर्यंत तांबडी असते आणि तिचा गोंडा काळा असतो. पांढरा गोंडा जाणकार दोष समजतात. आमच्या गावात मात्र आज गोठ्यामागून गोठा पाहत गेलात तरी काळा गोंडा दिसायचा नाही. पहिले उत्तर गावच्या स्मरणिकेतले, दिगंबरराव पाटलांचे. त्यांच्या मते त्यांचे वडील माणिकराव यांनी मोठ्या दुष्काळात दूरदृष्टीने पांढऱ्या गोंड्याच्या काटक गाई तेवढ्या निवडून जगवल्या. दुसरे उत्तर आमच्या महादेवाच्या गुरवाने देवस्थानच्या पुस्तिकेत छापले आहे: पांढरा गोंडा ही महादेवाची चवरी, आणि देवाने आपली जनावरे ओळखून राखली. तिसरे एका विद्वान संशोधकाचे. त्याने दोन दिवस गावात मुक्काम केला, पाटलांच्या घरी चार वेळा जेवला आणि असा सिद्धान्त मांडला की पांढऱ्या केसांमुळे ऊन परतते, माश्या कमी बसतात, म्हणून अशा गाई दुष्काळात तगल्या. त्या दुष्काळात माश्यासुद्धा उरल्या नव्हत्या, हे त्याला कुणी सांगितले नाही, कारण त्याने कुणाला विचारले नाही. दिगंबरराव त्या वर्षी औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकत होते आणि गुरव आपल्या सासुरवाडीला जाऊन बसला होता. मी गावात होतो. इतकेच नव्हे, त्या गाई ज्या हाताने निवडल्या गेल्या, तो हात माझा होता. पुढे तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला याहून अधिक अधिकार लागत असेल तर तो कुठे मिळतो ते मला माहीत नाही.

आमचे घर बौद्धवाड्यात, ओढ्याच्या काठाला. ओढ्याअलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे माझ्या मामाचे गाव, ते तेव्हा उस्मानाबादेत मोडत असे. घर म्हणजे सपाट मातीच्या छताचे दोन खणांचे माळवद, पुढे छप्पर, आणि छपरात गुंजी. गुंजी ही मायची गाय. मायच्या लग्नात मामाने तिला एक कालवड आंदण दिली होती. गुंजी तिची नात. अंगाने गर्द तांबडी आणि शेपटीचे टोक काळेभोर, म्हणून माय तिला गुंजी म्हणे, आणि ज्याने गुंजेचा दाणा पाहिला आहे त्याला याहून चपखल नाव सुचणार नाही. बा घरची दावी घरीच वळायचा. अंबाडीचा वाख पायाच्या अंगठ्यात अडकवून तो ओट्यावर बसला की तळव्यांवर वाख घासल्याचा खसखस आवाज सुरू होई, आणि माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असे कुणी विचारले तर मी तोच सांगेन. आमच्या दाव्याला एक खोड होती. वाख नेहमी अपुरा पडे, मग बा मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी पेडात घालून वळायचा. त्यामुळे आमचे दावे मऊ लागे, आणि गुंजीच्या मानेला कधी घट्टा पडला नाही. पीळ देताना दुसरे टोक धरायला मी बसत असे. डोळे मिटून दावे हातात घेतले तरी ते कुणाच्या घरचे आहे हे मला सांगता येई. गावात प्रत्येकाचा पीळ निराळा. ही विद्या पुढे एकदाच उपयोगी पडली आणि त्या एका वेळी ती नसती तर फार बरे झाले असते.

दुष्काळाचे वर्णन मी करणार नाही. त्याचे वर्णन ज्यांनी केले त्यांपैकी बहुतेकांनी तो मोटारीच्या काचेतून पाहिला होता. आमच्या घरात दुष्काळ होता म्हणजे तांबडी मिलो होती. परदेशातून आलेली ती ज्वारी भिजवली की वास मारायची, तिची भाकरी थापताना चिरायची आणि गिळताना घशात बसायची. माय त्या भाकरीबरोबर तरोट्याचा पाला शिजवून द्यायची, तोही वेचायला चार मैल जावे लागे. बा आणि माय दोघेही सडकेच्या कामावर खडी फोडायला जात; मीही मॅट्रिकची परीक्षा देऊन हातोडा घेतला होता. कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे सरकारी गोड पिठाचा खाऊ, माय पदरात बांधून घरी आणायची. आम्हाला वाटे ती आमच्यासाठी आणते. एकदा मी छपरात गेलो तर माय ती सुकडी पाण्यात कालवून गुंजीच्या पुढे धरून बसली होती. मला पाहून म्हणाली, "तुला बोलता येतंय, तू मागून घेशील." मी काही मागितले नाही. मागण्याची आमच्या घरात सवय नव्हती, आणि ही गोष्ट मी आजही अभिमानाने सांगतो.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा लातूरच्या बाजूला गुरांची छावणी निघाल्याची बातमी आली. तिथे उसाचे वाढे होते, विहिरीला पाणी होते. परंतु गावोगावची गुरे येणार, तेव्हा एका गावाच्या बाराच गाई घेऊ, असा निरोप होता. गावात गाई शंभराच्या वर होत्या. म्हणजे कोणत्या बारा जगणार हे ठरवायचे होते. चावडीपुढे सारा गाव जमला. माणिकराव पाटील म्हणाले, चिठ्ठ्या टाकू. तेव्हा मागून एका म्हाताऱ्याने विचारले, "चिठ्ठी लिव्हनार कोन? तलाठी? त्याच्या कागदावर माझं रान दोन सालापासून दुसऱ्याच्या नावानं हाय." लोक हसले आणि कागद तिथेच निकालात निघाला. मग कुणीतरी दाव्याचे काढले. आमच्याकडे रीत अशी की जनावर विकले तरी त्याचे दावे देत नाहीत; दावे गेले तर गोठ्याची बरकत गेली असे समजतात. जनावराची साक्ष म्हणजे त्याचे दावे. तेव्हा ज्याच्या जितक्या गाई त्याने तितक्या दाव्यांचे वीत-वीत तुकडे कापून रांजणात टाकावेत आणि एकाने डोळे आभाळाकडे करून बारा तुकडे काढावेत, असे ठरले. कागदावर विश्वास नसलेल्या माणसांना दावे पूर्ण विश्वासाचे वाटले. प्रत्येकाचे दावे हाताला निराळे लागते, ही गोष्ट त्या जमलेल्या शेतकऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही, कारण ती प्रत्येकाला इतकी ठाऊक होती की तिचा विचार कोण करतो.

काढणार कोण, यावर दुपार गेली. पाटलाचा माणूस नको, दुकानदाराचा नको, वरच्या आळीचा नको, खालच्या आळीचा नको. शेवटी पाटीलच म्हणाले, "किसनाचं पोरगं हाय की. मॅट्रिकला बसलंय. त्याला आपल्यात ना सोयरं ना धायरं, कोनाचा पक्ष घील?" याला ते माझी निःपक्षपाती वृत्ती समजत होते. आणि रांजण कोणता? मारुतीच्या देवळापुढच्या पाणपोईचा. त्या रांजणातले पाणी आम्हाला तोवर वरून, ओंजळीत मिळत आले होते. रांजण कोरडा पडला तेव्हा कुठे माझा हात त्यात घालण्याइतका शुद्ध झाला. हे वाक्य मी पुढे अनेकांना ऐकवले आहे आणि दर वेळी समोरचा माणूस घड्याळ पाहू लागला आहे.

बा कधी चावडीवर बोलत नसे. त्या दिवशी तो मागून पुढे आला. म्हणाला, "काढील की. पर आमची दावी बी रांजणात पडतील."

"तुमची?" पाटील म्हणाले.

"बौद्धवाड्यात तीन गाई हायत. त्या गावाच्या हायत का न्हाईत?"

"किसना, जागा बाराच हायत."

"बाराच राहतील पाटील. दावी तेवढी तीन वाढतील."

असे बोलणे मी माझ्या बापाच्या तोंडून त्यापूर्वी ऐकले नव्हते, त्यानंतरही नाही. खिशात चाकू होता तोच काढून त्याने घरी जाऊन गुंजीच्या दाव्याचा तुकडा कापून आणला आणि सर्वांदेखत रांजणात सोडला. गावाच्या हिशेबात आमच्या गाईला जागा मिळाली ती अशी, बापाच्या एका शब्दावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोडत झाली. बायका माळवदांवर बसल्या होत्या. एकाने आपल्या उपरण्याने रांजणाचे तोंड झाकले, त्याखालून मी हात घातला, तोंड वर केले. "खोल घाल रे, शेणात घातल्यागत कामून करायलास?" असे कुणीतरी म्हणाले. पहिला तुकडा निघाला, तो वर धरताच मालकाने ओळखला आणि ओरडला. पाटलाच्या माणसाने नाव पुकारले. असे अकरा झाले. त्या अकरा तुकड्यांविषयी मी शपथेवर सांगतो की हाताला जे आधी लागले ते मी काढले. कुणाचे आहे ते बोटांना कळत होते, परंतु कळले म्हणून मी काही सोडले नाही आणि काही धरले नाही. त्या अकरांत पांढऱ्या गोंड्याच्या चार होत्या. गावात पाच गाईंमागे एखादीच पांढऱ्या गोंड्याची असे, म्हणजे वाट्याला दोन याव्यात, चार आल्या. यात देव नाही, पाटील नाही आणि ऊनही नाही. खूप मोठ्या ढिगातून थोडे उचलले की थोड्यांत ढिगाचे प्रमाण राहत नाही, एवढेच त्यात आहे.

बाराव्या वेळी हात घालणार तोच माणिकराव हसून म्हणाले, "शेवटचं राहिलंय यशवंता. आता मायची आठवन ठेव बरं का." लोक हसले. माळवदावरच्या बायकाही हसल्या. मी हात घातला आणि तळाशी बोटांना लुगड्याची चिंधी लागली.

तो तुकडा मी मुठीत धरला. किती वेळ धरला ते मला आज सांगता येणार नाही; कुणीतरी "झोपला का काय" म्हणाले ते आठवते. हात वर काढला असता तर गुंजी छावणीत गेली असती आणि सारा गाव म्हणाला असता, पाहा, शेवटी आपलीच काढली. त्या हसण्याला मी असे उत्तर देणार नव्हतो. मी सतरा वर्षांचा होतो आणि माझ्या लेखी या लोकांच्या तोंडाला कुलूप घालण्याहून मोठे काम जगात नव्हते. मी मूठ सोडली, शेजारचा दुसरा तुकडा ओढला आणि वर धरला. तो पाटलाचा होता. पांढऱ्या गोंड्याची, आठ महिन्यांची गाभण गाय.

मग जी कुजबुज सुरू झाली ती आज एवढ्या वर्षांनी स्मरणिकेत छापून थांबली आहे. "पाटलाचंच निघालं. आधीच ठरलं व्हतं." एक संशय टाळायला मी जे केले त्याने दुसरा संशय माझ्या कपाळी आला, आणि जे केले म्हणजे गाव मला बेइमान म्हणणार नाही अशी माझी खात्री होती, त्याच गोष्टीसाठी गाव मला बेइमान म्हणू लागला. उरलेले तुकडे ज्याचे त्याने परत नेले. बाने रांजणात हात घालून आमचा तुकडा काढला, दोन बोटांत धरून थोडा वेळ चोळला, मुंडाशाच्या सोग्यात बांधला आणि घराकडे चालू लागला.

माय चुलीपुढे होती. विचारले, "निघालं?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "एवढ्या दाव्यांत आपलं एक. न्हाई निघालं तर न्हाई निघालं. त्यात कोनाचा दोस?" आणि भाकरी उलटली. पुढे विहिरीवर बाया तिला ऐकवत, किसनाच्या पोराने पाटलाचे मीठ खाल्ले म्हणून. त्यांना ती एकच उत्तर देई: "माझ्या लेकाच्या हाताला डोळे न्हाईत." हे ती भांडून सांगत नसे. दगडाला दगड म्हणावे तसे सांगे.

गुंजी मृगाच्या आधी बसली. मामाच्या गावी न्यावी म्हटले तर तिथेही तीच अवस्था. माय तीन दिवस तिच्या मानेखाली पोते घालून बसून होती. चौथ्या दिवशी तिने दावे सोडले, ओले करून पुसले आणि खुंटीला अडकवले. रडली नाही. संध्याकाळी तिने मिलोच्या भाकरी केल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा सुकडी आमच्या ताटात आली.

गावात मागे राहिलेल्या गाई तोवर संपल्या होत्या; छावणीतून बारांपैकी आठ परत आल्या. चार खुरकुताने गेल्या आणि त्या चारही काळ्या गोंड्याच्या निघाल्या. रोगाला गोंड्याचा रंग दिसतो असे ज्याला म्हणायचे असेल त्याने म्हणावे. पाटलाच्या गाईला छावणीत गोऱ्हा झाला होता, पांढऱ्या गोंड्याचा. गावात वळू उरला नव्हता, तेव्हा तोच सोडला. पुढच्या साऱ्या कालवडी त्याच्या. दहा वर्षांत काळा गोंडा गावातून नाहीसा झाला. आता ओढ्यापलीकडे पाहा. मामाच्या गावीही तोच दुष्काळ, तेच ऊन, त्याच न उरलेल्या माश्या. त्यांच्याही थोड्याच गाई वाचल्या, कोणत्या वाचल्या हे तिथे आणखी निराळ्या योगाने ठरले, आणि आज त्या गावात प्रत्येक गाईचा गोंडा काळा पण कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा असतो. पांढऱ्या गोंड्याने जनावर जगते तर तिथे का जगले नाही? टिळ्याने जगते तर आमच्याकडे टिळा का नाही? हा प्रश्न मी त्या संशोधकाला पत्राने विचारला होता. उत्तर आले नाही. विद्वत्तेचे ओझे असलेल्या माणसाला पोस्टाच्या पेटीपर्यंत चालणे जड जात असावे.

माझा नातू आता लातूरला शिकवणीच्या वर्गात बसतो. हजार मुलांपुढे माईक लावून तिथले सर सांगतात, जो लायक तो जगला, पुढचा प्रश्न घ्या. मी नातवाला घरी बसवले, पाटीभर पांढऱ्या ज्वारीत दोन ओंजळी तांबडी ज्वारी कालवली आणि म्हणालो, चिमूटभर उचल. त्याच्या चिमटीत दोन्ही होत्या. म्हणालो, आता एवढीच पेरायची आहे असे समज, त्यातून पुन्हा उचल. तिसऱ्या वेळी त्याच्या चिमटीत निव्वळ तांबडी आली. त्याला म्हणालो, सांग, तांबडी लायक होती का? तो म्हणाला, "न्हाई आजोबा, हाती लागली." एका परीक्षेत त्याने हे लिहिले आणि त्याचा गुण कापला गेला. जग लायकीवर चालते असे ज्यांना वाटते ते बहुधा छावणीत गेलेल्यांचे वंशज असतात.

दुष्काळानंतर दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. ओढ्यापलीकडचे लोक एका सकाळी उस्मानाबादकर म्हणून उठले आणि संध्याकाळी लातूरकर म्हणून झोपले, आणि आठवड्याभरात त्यांच्या बोलण्यात जन्मजात लातूरकराचा ताठा आला. नव्या जिल्ह्याच्या उत्साहात लातूरला एक पशुप्रदर्शन भरले. मामाच्या गावची टिळ्याची गाय 'आपल्या जिल्ह्याची गाय' म्हणून मिरवली गेली, आणि पाहुणी म्हणून आमच्या गावची पांढऱ्या गोंड्याची. मी तेव्हा अहमदपूरच्या एका शाळेत नुकताच शिक्षक झालो होतो. बाला घेऊन प्रदर्शन पाहायला गेलो. मंचावर वळूचा कासरा धरून दिगंबरराव भाषण करत होते: त्यांच्या आबांची दूरदृष्टी, काटक जातीची पारख, निवड. मला राहवले नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, निवड कुणीही केली नाही, सोडत झाली, आणि ती माझ्या हाताने झाली.

दिगंबरराव चिडले नाहीत. हसले. "बरोबर हाय गुरुजी," ते माईकवरून म्हणाले, "तुमच्याच हातानं झाली. पर आबांनी तुमच्या कानात सांगितलं व्हतं ना, कोनती काढायची ते? म्हनून तर शेवटी आमची निघाली. तुमचंबी श्रेय हाय त्यात, आमी कुठं न्हाई म्हनतो?"

मंडपात हशा पिकला. तोच हशा, दहा वर्षांपूर्वीचा. आणि या वेळी माझ्यापाशी उत्तर होते. ज्याने हातात आलेले स्वतःच्या मायचे दावे सोडले तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढील का, एवढे एक वाक्य मी बोललो असतो तर दिगंबररावांना मंचावरून उतरावे लागले असते. मी तोंड उघडले. तेवढ्यात माझ्या सदऱ्याला हिसका बसला. बा खालून म्हणाला, "यशवंता, खाली बस."

"बा, थांबा."

"खाली बस म्हनलो न्हव का."

मी बसलो. परतीच्या एस.टी.त मी बापाशेजारी बसलो होतो आणि माझ्या मनात त्याच्याविषयी जे होते त्याला तुच्छतेखेरीज शब्द नाही. मला वाटले, चावडीवर एकदा बोललेला हा माणूस आयुष्यभर त्या बोलण्याला भीत राहिला. पाटलापुढे याची मान कधी वर होणार नाही. चाकूरच्या पुढे गेल्यावर मी ते बोललोही. म्हणालो, "पाटलाला अजून भिता तुम्ही."

बाने मुंडासे सोडले. सोग्याच्या गाठीतून वीतभर दाव्याचा तुकडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. दहा वर्षांत तो काळा पडला होता, पण चिंधीची किनार अजून ओळखू येत होती.

"रांजन कोरडा खडखडीत व्हता," तो म्हणाला. "सगळी दावी कोरडी. हे एकच वलं व्हतं. घामानं."

मी चिंधीवर बोट फिरवले.

"तुझी माय आजबी बायांना सांगती, माझ्या लेकाच्या हाताला डोळे न्हाईत. तू तिथं उभा राहून काय सांगनार व्हतास?"

"खरं ते."

"मंग तसंच घरी जाऊन तिला बी सांग, गुंजी कशानं मेली. सांगशील?"

गाडी थांबली, शेंगावाला चढला, उतरला. बाने तुकडा उचलून पुन्हा गाठीत बांधला आणि अहमदपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसला. मी घरी गेलो. माय भाकरी करत होती. मी सांगितले नाही.

बा गेल्यावर तो तुकडा माझ्याकडे आला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. माय त्यानंतर पुष्कळ जगली. अखेरच्या वर्षांत माझ्याकडे लातूरला होती. एकदा नातवाने तिला विचारले, आपल्या गावच्या गाईंची शेपटी पांढरी का गं पणजी? ती म्हणाली, "रांजनातून निघाल्या म्हनून." पाटील, गुरव आणि संशोधक यांच्या एकत्रित विद्वत्तेला जे साधले नाही ते तिने तीन शब्दांत सांगितले. चौथे उत्तर ते, आणि ते माझे नाही, तिचे आहे. ती हयात असेतो दिगंबरराव मला आपल्या आबांचा हस्तक म्हणत राहिले आणि मी ऐकून घेतले. आता ऐकून घेण्याचे कारण उरलेले नाही. तिच्या उत्तरात एक दुरुस्ती मात्र मला करावी लागते, आणि ती दुसरे कुणी करू शकत नाही. अकरा वेळा माझ्या हाताला डोळे नव्हते. बाराव्या वेळी होते.